काठीची उंची

पहिला बिशप सहा फूट दोन इंच होता
म्हणून काठीही त्याच्या मापाने बेतली:
पुरात वाहून आलेल्या पुलाचा वासा,
वर लोहाराने वाकवलेला आकडा.
मेंढरं ओढायचा आकडा,
इथे, जिथे तेव्हा मेंढरं नव्हती,
माणसंही मोजून एकशे चाळीस.

साल्ट फोर्कचा धर्मप्रांत.
नकाशावर हाताचा पंजा पसरला तरी उरतो,
आत बहुतेक गवत.
बिशप थॅचर रेल्वेच्या डब्यात राहायचा.
डबा बाजूच्या रुळावर लावला
की त्याचंच देऊळ व्हायचं,
घंटा इंजिनाची, उसनी.

हे मी पाहिलेलं नाही, वाचलंय.
एक्केचाळीस वर्षं या कचेरीत टाइप करतेय.
चार बिशपांची पत्रं माझ्या बोटांखालून गेली,
त्यातल्या दोघांचं शुद्धलेखन देवाच्या हवाली.

दुसऱ्याने दगडी देवळं बांधली, अकरा,
आणि कर्ज. कर्ज जास्त टिकलं.

तिसरा बुटका.
पहिल्याच मिरवणुकीत आकडा चौकटीला अडकला
आणि गायकवृंद मागून त्याच्यावर आदळला.
तो हसला म्हणे. सुताराला बोलावून
काठी खालून सहा बोटं कापून घेतली.
वहीत नोंद आहे: सुतार, पंचाहत्तर सेंट.
त्याच वर्षी धूळ उठली
ती पुढची सहा वर्षं बसली नाही.
त्याने हातातली अंगठी विकून पाद्र्यांचे पगार दिले
असं दर वार्षिक सभेत कुणीतरी सांगतं.
वही म्हणते, विकली नव्हती, गहाण टाकली होती,
आणि सोडवून आणली ती नदीपलीकडच्या
डकोटा बायकांनी, गोधड्या विकून.
एकीचंच नाव लिहिलंय, विनिफ्रेड ग्रेहॉर्स,
बाकीच्या ‘आणि इतर’.
भिंतीवर तसबिरींसाठी खिळे आठच आहेत.

चौथ्याबद्दल मी बोलत नाही.
त्याच्या काळात काठी कपाटात असायची
आणि किल्ली त्याच्या खिशात, एवढंच.

आठवी रोझलिंड पेटिबोन. पुन्हा उंच.
कापलेली काठी तिच्या खांद्यालाही पुरेना.
“व्हर्ना,” ती म्हणाली, “मी वाकते, काठीला राहू दे.”
रविवारी चारशे मैल पिकअप हाकायची,
तीन गावं, तीन उपासना.
एकदा हॅलमच्या देवळात नुसता राखणदार होता
आणि त्याचा कुत्रा.
त्या दोघांना तिने अख्खं प्रवचन ऐकवलं,
आशीर्वादाच्या वेळी कुत्रा उठून उभा राहिला
हे ती मला तीनदा सांगून हसली.

जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ होता, ती घसरली,
काठीसकट.
दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानातून
म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबरी बूच आणलं,
दोन डॉलर चाळीस.
बसवलं. तिने फरशीवर टेकवून पाहिलं.
आवाज नाही.
“आता लोकांना कळणार कसं मी आलेय ते?”

ऑक्टोबरात शाळेच्या व्यायामशाळेत मतदान झालं,
बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या मांडून.
शेजारच्या धर्मप्रांतात विलीन व्हायला
एकसष्ट होकार, नऊ नकार.
इतिवृत्त मी लिहिलं.
नऊ जणांत मी नव्हते, एकसष्टांतही नाही,
चिटणिसाला मत नसतं.
रोझलिंडने निकाल वाचला, चष्मा पुसला
आणि विचारलं, सूप कुणी कुणी आणलंय.

काल संग्रहालयाचा पोरगा आला, हातात पांढरे मोजे.
काठी पांढऱ्या कापडावर आडवी निजवली,
फूटपट्टी लावली, माप लिहून घेतलं.
मग अंगठ्याने बूच उपसून काढलं.
“हे मूळचं नाही,” म्हणाला.

नाहीच.
मी ते कोटाच्या खिशात टाकलं, घरी आणलं.
आत अजून पायऱ्यांवर टाकायच्या मिठाचे खडे आहेत.
स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या खुर्चीला
बसतंय का पाहिलं.
जरा सैल होतं.